पुठ्ठ्याची जाडी

पाचवीच्या गणितात त्रिमितीय वस्तूंच्या घडणी शिकवायच्या असतात. एखादी पेटी काही कडांवर कापून सपाट पसरली की जो आकार मिळतो, ती तिची घडण. मुलं पुस्तकातली सहा चौरसांची आकृती वहीत उतरवतात, बाजूला ‘घन’ असं लिहितात आणि पान उलटतात. घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय की हा धडा वहीत शिकवायचाच नाही. तो पुठ्ठ्यात शिकवायचा. त्यासाठी दुकानातला गुळगुळीत कार्डशीटही नको. भंगारात जाणारी, चेपलेली, शाईचे ठसे असलेली खोकीच हवीत.

अशी खोकी गावात मिळतात. किराणा दुकानात साबण, बिस्किटं, चहापत्ती, तेलाची पाकिटं हे सगळं खोक्यांतून येतं. दुकानदार ती चपटी करून मागे रचून ठेवतो आणि भंगारवाला किलोवर घेऊन जातो. आधी सांगून ठेवलं तर दुकानदार दोन-चार सहज देतो. एखाद्या घरी कूलर किंवा टीव्ही आला की मुलं दुसऱ्याच दिवशी सांगत येतात, “मॅडम, मोठा खर्डा हाय, आणू का?” त्या खोक्याचा पुठ्ठा पाच पदरी असतो आणि वर्गात सगळ्यांना पुरतो.

एका जातीची खोकी मात्र मी शाळेच्या फाटकातून आत येऊ देत नाही. आमचा जिल्हा कापसाचा. पावसाळ्यात घरोघरी कीटकनाशकांचे डबे आणि त्यांची खोकी पडलेली असतात. त्यांचा पुठ्ठा जाड, छपाई रंगीत, कोपरे शाबूत, म्हणून मुलांच्या डोळ्यांत तीच आधी भरतात. २०१७च्या पावसाळ्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील पाठीवर पंप बांधून फवारणीला जातात. त्यामुळे पुठ्ठा आणायला सांगण्याच्या आधी मी फळ्यावर एक आकृती काढते. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस आणि त्याला मधोमध दुभागणारी आडवी रेषा. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर ही खूण कायद्यानं असावीच लागते. खालच्या त्रिकोणातला रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल खुणेच्या वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडंही असतात. मुलांना ही आकृती आधी चौरस म्हणून ओळखूच येत नाही, कारण चौरस नेहमी बुडावर बसलेला पाहायची सवय असते. वही तिरपी करून दाखवली की पटतं. मग कर्ण कुठला, त्यानं पडलेले दोन त्रिकोण एकसारखे आहेत का, हे सगळं त्याच खुणेवर होतं. आणि नियम एकच: ही खूण दिसली, रंग कोणताही असो, त्या खोक्याला हात लावायचा नाही. बियाण्याची खोकीही नकोत, कारण कपाशीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. घरी जाऊन ही खूण आईवडिलांना दाखवा, असंही मी सांगते. गणिताच्या तासाला ते बाहेरचं आहे असं मला वाटत नाही.

खोकी जमली की पहिला दिवस काहीही बनवण्याचा नसतो. आधी उकलायचं. टूथपेस्टचं, साबणाचं, अगरबत्तीचं, मिळेल ते खोकं न फाडता, चिकटवलेली जागा शोधून, सांधा सोडवून सपाट करायचं. पेटीला सहा बाजू असतात हे मुलांना पाठ असतं. उकललेल्या खोक्यात मात्र चार भिंती, चिकटवायची एक अरुंद पट्टी, वरचे पाखे, खालचे पाखे असे कितीतरी तुकडे दिसतात. हे जादा तुकडे कशाला, हा प्रश्न मला विचारावा लागत नाही. कोणीतरी पाखे पुन्हा दुमडून बघतं आणि सांगतं, “बूड दुहेरी केलं, नाई तं साबण खाली पडन.” पुस्तकातल्या घडणीत चिकटवायची जागा नसते, म्हणून ती कापून दुमडली तरी पेटी उभी राहत नाही. कारखान्यातल्या घडणीत ती असते. ही तुलना मुलांनी हातानं केली की पुढं स्वतःची घडण काढताना कुठल्या कडेला पट्टी ठेवायची याचा विचार ती आपोआप करू लागतात.

उकलण्याचा दुसरा टप्पा घनाचा. मी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कागदी पट्ट्यांनी जोडून घन करून देते आणि मुलांना हव्या त्या कडांवर कापून तो सपाट करायला सांगते. अट एवढीच, एकही तुकडा सुटा पडता कामा नये. प्रत्येकाचा आकार वेगळा येतो. मग मी विचारते, किती कडा कापल्या? सगळ्यांचं उत्तर सात येतं. आकार वेगळे, कापायला सुरुवात केली ती जागा वेगळी, तरी सात. मुलांना हे आधी योगायोगासारखं वाटतं आणि ती एकमेकांचे घन मोजायला उठतात. घनाला १२ कडा. सहा तुकडे एकमेकांना धरून राहायला पाच सांधे लागतात, त्याहून जास्त राहिले तर तो सपाट होत नाही. १२ मधून ५ गेले, उरले ७. ही वजाबाकी पाचवीतलं मूल सहज करतं, पण ती सुचायला हातात कात्री असावी लागते. सहा चौरस कडेला कड लावून मांडण्याच्या ३५ रीती आहेत आणि त्यांतल्या फक्त ११ दुमडून घन होतो. या ११ एका वर्गाला एका बैठकीत सापडत नाहीत, आणि सापडू नयेत. भिंतीवर एक जुना पुठ्ठा टांगलेला असतो. ज्याला नवी घडण सापडेल त्यानं ती तिथं चिकटवायची. आधीचीच फिरवून किंवा उलटी करून लावली असेल तर बाकीची मुलं ती लगेच उतरवतात.

आल्ब्रेख्त ड्युरर या जर्मन चित्रकारानं १५२५ साली मोजमापावरच्या आपल्या पुस्तकात घनाकृतींच्या अशा सपाट घडणी काढल्या होत्या. हे मी सातवीच्या मुलांना सांगते, कारण चित्रकार माणसाला याची गरज का पडली असेल यावर ती चांगली बोलतात.

आता पुठ्ठ्याकडे वळते, कारण खरं शिक्षण तिथं आहे.

खोक्याचा पुठ्ठा पन्हळी असतो. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागदाचा थर. मुलं त्या पोकळ्यांना नाल्या म्हणतात. दोघींनी एकाच मापाची घडण काढली, एकसारखी कापली, तरी एकीची पेटी काटकोनात बसते आणि दुसरीची कलते. “मॅडम, माझा डब्बा वाकडा काहून होते?” हा प्रश्न दरवर्षी येतो. मी उत्तर देत नाही, दोन्ही पेट्या पुन्हा उघडायला लावते. नाल्यांना समांतर दुमडलं तर पुठ्ठा सहज वळतो, पण घडी आपल्या रेषेवर न पडता शेजारच्या नालीत घसरते. नाल्यांना आडवं दुमडलं तर तो आधी अडून राहतो आणि मग भलतीकडेच मोडतो. म्हणजे एकाच पेटीतल्या चार घड्या दोन वेगळ्या तऱ्हेनं वागतात. उपाय साधा आहे. लोखंडी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेननं रेष दोनदा दाबून ओढायची आणि मग दुमडायचं. जाड पाच पदरी पुठ्ठा असेल तर बाहेरचा कागद तेवढा हलकेच चिरून उलट्या बाजूला वाकवायचा. चिरण्याचं काम मी स्वतः करते. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं हॅक्सॉच्या जुन्या पात्याला धार लावून मला सुरी करून दिली आहे. मुठीला कापड गुंडाळलेली ती सुरी बाजारातल्या कटरपेक्षा पुठ्ठ्यात सरळ चालते, आणि ती माझ्या कपाटातच राहते.

नाल्यांची दिशा कळली की मुलं तिचा उपयोगही करून घेतात. वृत्तचिती करायची तर नाल्या उभ्या ठेवून गुंडाळायचं, पुठ्ठा स्वतःच गोल वळतो. वजन पेलायचं तरी नाल्या उभ्याच. सारख्या मापाच्या दोन नळकांड्यांवर मुलांनी वह्या रचत नेल्या. आडव्या नाल्यांचं लवकर बसलं, उभ्या नाल्यांचं टिकलं. त्या संध्याकाळी दोन मुलं किराणा दुकानात जाऊन साबणाची, बिस्किटांची सगळी खोकी तपासून आली. सगळ्यांच्या भिंतींत नाल्या उभ्या होत्या.

त्याहून मोठी गोष्ट जाडीची. वहीतल्या चौरसाला जाडी नसते, पुठ्ठ्याला असते. तीन पदरी पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर धरा. १० सेंटिमीटरचे सहा चौरस कापले आणि कडेला कड लावून घन जोडायला घेतला, तर कुठली तरी कड बाहेर येतेच. कितीही काटेकोर कापा, येते. सहावीतला एक मुलगा हे बराच वेळ बघत बसला होता. त्याचे वडील सुतारकाम करतात. तो म्हणाला, “फळीची जाडी काढा लागते न मॅडम. बाबा चौकटीत काढते.” मग त्यानंच फळ्यावर हिशेब मांडला. वरचा आणि खालचा तुकडा १० बाय १०. दोन भिंती १० बाय ९.४, कारण वरच्या-खालच्या तुकड्यांची जाडी मिळून ६ मिलिमीटर गेली. उरलेल्या दोन भिंती दोन्ही बाजूंनी कमी, ९.४ बाय ९.४. घनाच्या सहा बाजू एकसारख्या असतात, पण त्याचे सहा तुकडे तीन वेगवेगळ्या मापांचे निघाले. दशांश अपूर्णांकाची वजाबाकी मी त्या वर्गाला आधीच शिकवली होती आणि त्यांनी ती परीक्षेत बरोबरही सोडवली होती. पण ६ मिलिमीटर म्हणजे ०.६ सेंटिमीटर, याचा अर्थ त्यांना त्या दिवशी लागला. तो मुलगा लेखी गणितात मागे असायचा. त्याला मागे म्हणणं मी तेव्हापासून सोडलं.

जोडायचं कशानं, हा प्रश्न आमच्या हवेत सोपा नाही. फेव्हिकॉल सगळ्या वर्गाला परवडत नाही. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण ओल्या खळीनं पुठ्ठा वाकतो आणि पावसाळ्यात तिला उधई, झुरळं, उंदीर सगळेच लागतात. खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण ते विष आहे, लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही. बाभळीचा डिंक चांगला, मुलं तो गोळाही करून आणतात, कागदाच्या पट्ट्या चिकटवायला तो पुरतो. जाड तुकडे मात्र दाभण आणि सुतळीनं शिवलेले सर्वांत टिकाऊ. कापसाची बोरं शिवताना मुलांनी हे घरी पाहिलेलं असतं. पण शिवलेला किंवा चिकटवलेला आकार एकदा झाला की झाला, त्याचं पुन्हा काही करता येत नाही. शाळेत ठेवायला जागा नसते, आणि पहिल्या दमट आठवड्यात त्याचे कोपरे ढिले पडतात.

यातून मार्ग निघाला तो ट्यूबच्या वेटोळ्यांचा. अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची प्रतिरूपं बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतात. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात त्यांनी ती विकसित केली. पुढे पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांच्या आकारात कडा आणि शिरोबिंदू उत्तम दिसतात. मला पृष्ठंही हवी होती. म्हणून पुठ्ठ्याचे समभुज त्रिकोण कापले, बाजू १० सेंटिमीटर, आणि प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटरचा पाखा ठेवून तो बाहेरच्या अंगाला दुमडला. कोपऱ्यांना खाच. दोन त्रिकोणांचे पाखे पाठीला पाठ लावायचे आणि त्यांवर रबर चढवायचं. दुकानातली रबरबँडं उन्हाळ्यात टिकत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, कपाटातली रबरं चिकट होऊन तुटतात. सायकलच्या ट्यूबचं वेटोळं फार आवळतं, पाखा वाकतो. मोटारसायकलच्या फाटक्या ट्यूबचं, वहीच्या एका ओळीएवढ्या रुंदीचं कापलेलं वेटोळं नेमकं बसतं. पंक्चरवाला ती ट्यूब फुकट देतो. सुट्टी झाली की वेटोळी काढायची, तुकडे सपाट रचायचे, आणि सगळी भूमिती धान्याच्या एका रिकाम्या पिशवीत मावते.

या तुकड्यांनी जे घडलं ते मी कुठल्याही तयार साहित्यानं घडताना पाहिलेलं नाही. एका कोपऱ्याभोवती तीन त्रिकोण जोडले आणि तसंच करत गेलं, तर चार त्रिकोणांचा बंद आकार होतो. कोपऱ्याला चार लावले तर आठ त्रिकोणांत बंद होतो. पाच लावले तर खूप वेळ लागतो, पण २० त्रिकोणांत तोही बंद होतो, आणि त्या वेळी वर्गात आरोळी उठते. मग सहा. कोलाम पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी, घरी कोलामी बोलते, वर्गात सहसा गप्प असते, ती सहावा त्रिकोण जोडून थांबली. सहाही त्रिकोण जमिनीवर घोंगडीसारखे पसरले होते. बाकीची मुलं दाबून, उचलून त्यांना वर आणायचा प्रयत्न करत होती. ती म्हणाली, “नाही उठत. जागा भरली.” एका त्रिकोणाचा कोन ६० अंश, सहांचे ३६०, कोपऱ्याभोवतीची जागा खरोखरच भरली. चौरस घेतले तर तीन लावून घन होतो, चार लावले की जागा भरते. पंचकोन तीनच बसतात. षटकोन तीन लावले तरी सपाट. सगळी पृष्ठं एकसारखी नियमित आणि सगळे कोपरे एकसारखे असलेले बहिर्गोल आकार जगात पाचच का, याचं उत्तर एवढ्यात आलं. युक्लिडच्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात हेच आहे. ते उत्तर तिनं तिला परक्या असलेल्या भाषेत, मराठीत, वर्गासमोर दिलं, आणि मी ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहून ठेवलं.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. सूचीचं घनफळ त्याच तळाच्या आणि उंचीच्या चितीच्या एक तृतीयांश असतं, हे सूत्र पाठ करायला देतात. ते पाठ करण्याची गरज नाही. मिठाईच्या डब्याचा पातळ पुठ्ठा घ्या. १० सेंटिमीटरचा चौरस काढा. त्याच्या एका कोपऱ्याला लागून असलेल्या दोन बाजूंवर बाहेरच्या अंगाला काटकोन त्रिकोण काढा, दुसरी भुजाही १०च, काटकोन त्या कोपऱ्याशी. उरलेल्या दोन बाजूंवरही काटकोन त्रिकोण, पण त्यांची दुसरी भुजा चौरसाच्या कर्णाएवढी, आणि काटकोन आधीच्या त्रिकोणांच्या बाजूला. कर्ण मोजू नका, कंपासनं अंतर उचला. दुमडल्यावर एक कललेली चौकोनी सूची होते, तिचं टोक मधोमध नसून एका कोपऱ्याच्या बरोबर वर असतं. अशा तीन करा आणि मुलांना सांगा, यांचा घन बनवा. काही गट पटकन बनवतात, काहींना मधली सुट्टीही पुरत नाही. पण तीन एकसारख्या सूचींचा नेमका एक घन झाला की एक तृतीयांश कुठून आला हे मला सांगावं लागत नाही. शंकूसाठी आम्ही तूर वापरतो. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचा शंकू वळला की तळाची त्रिज्या ५ आणि उंची सुमारे ८.७ येते. त्याच तळाची आणि उंचीची वृत्तचिती करा. तीन शंकू तूर ओतली की ती काठोकाठ भरते.

विज्ञान प्रदर्शनी जवळ आली की शाळाशाळांत वेगळीच धांदल असते. थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, त्याआधी सगळं थर्माकोलचं असायचं. आता तयार फोमशीट आणि छापील घडणी मिळतात. ठिपक्यांवर कापा, खुणेवर दुमडा, झाला घन. तो सुबक होतो, पाहुण्यांना आवडतो. पण माप कोणी घेतलं नाही, पट्टी कुठं ठेवायची ते कोणी ठरवलं नाही, जाडी कोणी वजा केली नाही. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यायचा विचार मांडला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. ते ठिकाण आमच्यापासून फार लांब नाही. मुलांच्या हातातून मापं काढून घेऊन त्यांना छापील घडण देणं मला पटत नाही, आणि शिक्षकांच्या परिषदेत बोलायची वेळ आली की मी हे बोलतेच.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढंच सांगणं आहे: येत्या सत्रात पाचवीचा तो धडा आला की पुस्तक उघडण्याच्या आधी किराणा दुकानात जा, खोकी मागा, रंगीत खुणेचं एकही खोकं आणू नका, आणि पहिला दिवस फक्त उकलण्यासाठी ठेवा. पंक्चरच्या दुकानातून ट्यूब आणायला विसरू नका, मोटारसायकलचीच.